पारधी-संबोधन लीळा : रूढी, प्रतिष्ठा आणि हिंसा

लीळाचरित्राच्या एकांकात सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी पारध्यांपासून सशाचे रक्षण केल्याची लीळा आली आहे. ही लीळा न ऐकलेला वासनिक विरळाच. निरूपणात ती वारंवार येते, लहान मुलांनाही ती ठाऊक असते. बहुधा ती परमेश्वराच्या कृपाळूपणाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते व ते योग्यच आहे. परंतु या लीळेत पारध्यांच्या तोंडी एक उत्तर आहे, त्याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. समाजाची रूढी माणसाच्या हातून हिंसा कशी करविते आणि ती त्याला हिंसा म्हणून दिसूही कशी देत नाही, हे समजण्यास ते एक उत्तर पुरेसे आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार कर्तव्य आहे.

एकांकातील लीळा या स्वामींच्या एकाकी परिभ्रमणाच्या काळातील होत. त्या पाहण्यास जवळ कोणी भक्त नव्हता. स्वामींनीच त्या पुढे भक्तांना सांगितल्या, आणि भक्तांच्या स्मरणातून नागदेवाचार्यांच्या साह्याने म्हाइंभटांनी त्या तेराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात ग्रंथनिविष्ट केल्या. म्हणजे पारध्यांचे उत्तर आज आपल्यापर्यंत पोचले याचे कारण हेच की ते सांगण्याजोगे आहे असे स्वयं स्वामींना वाटले. अशा वचनाचे प्रकरण व हेतू पाहिल्यावाचून पुढे जाणे अभ्यासकाला शोभत नाही.

प्रकरण असे : स्वामी वृक्षाखाली आसनस्थ आहेत. पारध्यांनी सशामागे कुत्री सोडली आहेत. ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली शिरतो. पारधी येतात, कुत्री आवरतात आणि ससा सोडण्याची विनंती करतात. शरण आलेल्याला येथे मृत्यू यावा काय, अशा अर्थाचा प्रश्न स्वामी करतात. त्यावर पारधी सांगतात की हा होडेचा ससा आहे; तो हातचा गेला तर आमच्यातच सुऱ्या निघतील.

हे उत्तर सावकाश वाचावे. आम्ही उपाशी आहोत असे ते म्हणत नाहीत. सशाने शेत खाल्ले, त्याने आमचा अपराध केला, असेही म्हणत नाहीत. सशाविषयी त्यांच्या मनात काहीच नाही, लोभ नाही की राग नाही. मध्ये आहे ती होड, म्हणजे चार माणसांसमक्ष दिलेला शब्द. तो शब्द पुरा करण्यासाठी एक जीव जावा लागतो, आणि पुरा न झाला तर माणसांचे जीव जातील, असा त्यांचा हिशेब आहे. त्यांच्या दृष्टीने सशाला मारणे हे जणू मोठा अनर्थ टाळण्याचे साधन होय! एका हिंसेला दुसऱ्या हिंसेच्या भयाचा आधार, आणि दोन्हींच्या मुळाशी प्रतिष्ठा.

येथे कोणी शंका घेईल की होड म्हटली की द्रव्य आले, तेव्हा हा लोभच नव्हे काय? यावर उत्तर असे की द्रव्याची भरपाई द्रव्याने होऊ शकते. सुऱ्या निघतात त्या द्रव्यासाठी क्वचित. "तू शब्द मोडलास" या आरोपासाठी त्या निघतात. आपल्या गावातील बांधाचे तंटे पाहावेत. दोन भावांच्या शेतांमधील बांध वीतभर कोरला गेला, त्या वीतभर जमिनीत पायलीभर ज्वारीही पिकत नाही. तरी कोयते निघतात, डोकी फुटतात, आणि कोर्टात त्या जमिनीच्या किमतीच्या कित्येक पट खर्च होतो. तेथेही कोणी जमिनीसाठी भांडत नसतो.

पातंजल योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात हिंसेचे विवरण आले आहे. तेथे हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली व नुसती संमती दिलेली अशी त्रिविध सांगून लोभ, क्रोध आणि मोह ही तिची तीन कारणे दिली आहेत. भाष्यकार व्यासांनी दिलेली उदाहरणे मार्मिक आहेत. मांसासाठी, कातड्यासाठी मारणे हा लोभ. याने माझे वाईट केले म्हणून मारणे हा क्रोध. आणि याने मला धर्म घडेल अशा समजुतीने मारणे हा मोह. ब्रह्मविद्येच्या अभ्यासकाला अन्य शास्त्रांचा आधार घेण्याची गरज नाही हे खरे, तथापि हे तिसरे कारण आपल्या लीळेवर चांगला प्रकाश टाकते. लोभाने मारणाऱ्याला आपण लोभी आहोत हे आतून कळत असते. क्रोधी माणूस शांत झाल्यावर पस्तावतो. मोहाने मारणाऱ्याला मात्र पस्तावा होत नाही, कारण आपण कर्तव्यच केले असे त्याला वाटत असते. मनुस्मृतीतही हा पेच दिसतो. त्याच पाचव्या अध्यायात यज्ञातील वध हा वध नव्हे असे सांगितले आहे; आणि थोड्याच श्लोकांनंतर संमती देणारा, मारणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा व खाणारा असे सर्वच घातक ठरविले आहेत. बाजारातील मांसाच्या बाबतीत इतकी सूक्ष्म दृष्टी, आणि यज्ञमंडपात तीच दृष्टी मिटलेली! दृष्टी मिटविण्याचे हे काम रूढी करते.

स्वामींच्या काळचा समाज कसा होता याची साक्ष गावोगावच्या वीरगळांत मिळते. वेशीजवळ, देवळाच्या आवारात हे दगड आजही उभे आहेत. खालच्या चौकटीत झुंज असते, पुष्कळदा बाजूला गाईंचा कळप कोरलेला असतो, म्हणजे वीर गोधनासाठी पडलेला. मधल्या चौकटीत त्याला अप्सरा घेऊन जातात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला असतो. त्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ही कीर्ती चंद्रसूर्य असेतो. गाईंचे रक्षण करताना पडलेल्या माणसाविषयी गावाला कृतज्ञता वाटावी हे स्वाभाविक आहे, त्याला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. परंतु ज्या मुलाचे बालपण या दगडांच्या सावलीत गेले, त्याला मारणे-मरणे आणि मोक्ष यांच्यामध्ये एका चौकटीचेच अंतर दिसणार. कळप पळविणाऱ्या पक्षाच्या गावीही आपल्या मृतांसाठी असेच दगड उभे राहिले असतील.

कोणाची हिंसा दिसावी आणि कोणाची दिसू नये, हेही रूढीच ठरविते. राजा मृगयेस निघाला की कवी सर्गच्या सर्ग रचीत. तीच शिकार पोटासाठी करणारा मात्र हीन ठरे. पुढे इंग्रजी अमलात १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या गेल्या. आपल्याकडील पारधी जमातही त्या शिक्क्याखाली आली, आणि १९५२ साली तो शिक्का कायद्याने पुसला गेला तरी लोकांच्या मनातून अद्याप पुसलेला नाही. म्हणून निरूपणकर्त्यांना सुचवावेसे वाटते की या लीळेतील 'पारधी' हा शब्द शिकार करणारा या अर्थाने सांगावा, आणि श्रोत्यांत कोणा जमातीविषयी तुच्छता उत्पन्न होणार नाही याची काळजी घ्यावी. स्वामींनी त्यांना तुच्छ लेखले नाही, हाच तर लीळेचा गाभा आहे.

आपली भाषाही पाहावी. सूड घेण्याला आपण 'उट्टे काढणे' म्हणतो, वैराची 'फेड' करतो, 'हिशेब चुकता' करतो. हे सारे सावकारी वहीतले शब्द आहेत. ज्याने सूड घेतला नाही तो जणू ऋणको, कर्जबुडव्या. आणि अशा माणसाला "बांगड्या भर" म्हणून हिणविण्याची रीत आहे. क्षमा करणाऱ्याला ज्या समाजात भित्रा म्हणतात, तेथे क्षमेसाठी सुरी उपसण्याहून अधिक धैर्य लागते, हे उघड आहे. बांगड्या हे भीरुतेचे चिन्ह कसे, हा प्रश्न निराळाच. आपल्या पंथातील तपस्विनींचा इतिहास जाणणाऱ्याला तो हास्यास्पद वाटेल.

प्रतिष्ठेची ही सावकारी केवळ आपल्या देशी आहे असे नव्हे. शरणागताचे रक्षण आणि सुडाची सक्ती ही दोन्ही एकाच नियमावलीत कशी नांदतात, याचे उत्तम उदाहरण युरोपच्या आग्नेयेस आल्बेनियात सापडते, आणि आपल्या लीळेच्या उत्तरार्धाचा अर्थ लागण्यास ते उपयोगी आहे. तेथील उत्तरेच्या डोंगरी मुलखात शतकानुशतके 'कानून' नावाची रूढिसंहिता चालत आली. (हा शब्द अरबी-तुर्कीतून त्यांच्याकडे गेला, तसाच आपल्याकडेही आला.) पंधराव्या शतकातील लेक दुकाग्यिनी या सरदाराच्या नावाने ती ओळखली जाते. ती मुखपरंपरेने चालत होती. श्त्येफेन ग्येचोवी या ख्रिस्ती साधूने ती गोळा केली. १९२९ साली त्यांचीच हत्या झाली, आणि १९३३ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

या संहितेप्रमाणे घरातील पुरुष मारला गेला तर मारणाऱ्याच्या घराण्यातील पुरुषाचे रक्त घेणे हे कर्तव्य ठरते. हे रागाचे काम नव्हे, विधीचे आहे. मारणाऱ्याने मृताला उताणे करावे, त्याचे शस्त्र त्याच्या डोक्याशी ठेवावे. 'बेसा' म्हणजे अभयवचन मिळाले तर त्याने मृताच्या अंत्यविधीला जावे, तेथील भोजनालाही बसावे. ती मुदत सरली की त्याच्यावर बंदूक रोखली जाणार. स्त्रियांचे रक्त घ्यावयाचे नाही, कोणाच्या घरात शिरून मारावयाचे नाही. आणि जो रक्त न घेता बसून राहील त्याला चारचौघांत कॉफीचा पेला गुडघ्याखालून द्यावयाचा. आपल्याकडील बांगड्या त्या याच! परंतु त्याच संहितेत घर हे देवाचे व अतिथीचे मानले आहे. दाराशी आलेला प्रत्यक्ष वैरी असला तरी त्याचे रक्षण केलेच पाहिजे.

राज्यसत्तेने हे बंद पाडण्याचा यत्न केला नाही असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या साम्यवादी राजवटीने कठोर शिक्षेच्या धाकाने रक्तवैर सुमारे ४५ वर्षे दाबून ठेवले. १९९१ च्या सुमारास ती राजवट कोसळली, आणि वैरे पुन्हा डोके वर काढू लागली. घराबाहेर पडल्यास मारले जाऊ या भयाने कित्येक कुटुंबांतील पुरुष व मुलगे घरातच कोंडून राहिले, मुलांच्या शाळा सुटल्या. धाकाने हात थांबला होता, मनातील हिशेबाची वही तशीच होती.

शेजारच्या कोसोव्होत निराळे घडले. तेथेही आल्बेनियन लोकांत हीच रूढी. १९९० च्या आरंभी काही विद्यार्थ्यांनी व तरुण स्त्रीपुरुषांनी वैरे मिटविण्याचे काम हाती घेतले, आणि लोकगीते व लोककथांचे वृद्ध अभ्यासक अँतोन चेत्ता त्यांच्यासोबत निघाले. ज्याने आयुष्यभर लोकांच्या रूढी गोळा केल्या, त्याला त्या रूढींची नाडी ठाऊक होती. ही मंडळी घरोघर अतिथी म्हणून गेली. अतिथीचा शब्द मोडणे त्या लोकांत कठीण. "तुमची रूढी रानटी आहे" असे त्यांनी म्हटले नाही. क्षमा करण्यातच अधिक पुरुषार्थ आहे, आपल्या लोकांसाठी हे रक्त सोडा, अशी मागणी केली. १ मे १९९० रोजी वेरात ए लूक्स या ठिकाणी लाखोंचा समुदाय जमला व त्यांच्या समक्ष अनेकांनी मारेकऱ्यांच्या घराण्याला हात देऊन आपल्या मुलाचे, भावाचे रक्त सोडले. १९९२ पर्यंत सुमारे हजार वैरे अशी मिटली. या चळवळीमागे त्या काळच्या राजकीय दडपणाखाली एकजूट करण्याची निकड होती, ती निखळ अहिंसेची भावना नव्हती, हेही सांगितले पाहिजे. तरी मुद्दा राहतोच : ज्या प्रतिष्ठेसाठी लोक मारीत होते, तीच प्रतिष्ठा क्षमेला मिळाली तेव्हा त्यांनी मारणे सोडले.

आता लीळेकडे वळू. स्वामींनी पारध्यांना उत्तर कोठून दिले? शास्त्रातून नव्हे. शरणागताला मारू नये ही गोष्ट पारध्यांनाही मान्य असलेली होती, आणि स्वामींनी तीच पुढे केली. त्यांनी कुत्री आवरली ती याच मर्यादेने. परंतु त्यांच्या मर्यादेत शरण येणारा माणूस असे. ससाही शरण येऊ शकतो, हे त्यांच्या गणतीत नव्हते. स्वामींच्या एका प्रश्नाने त्या मर्यादेची कक्षा मनुष्यावरून जीवमात्रावर गेली. नवा नियम लादला गेला नाही. जुना नियम जेवढा रुंद असावयास हवा होता तेवढा रुंद झाला. मग रानात राहून गवत खाणाऱ्या, झऱ्याचे पाणी पिणाऱ्या निरपराध जीवांना मारू नये असा बोध स्वामींनी केला व पारध्यांनी शिकार सोडली. क्रम ध्यानात घ्यावा. शरणागताचा प्रश्न आधी, बोध नंतर. होडेचा शब्द मोडल्याने जी मानहानी व्हावयाची, ती शरणागताला सोडल्याच्या मानाने आधीच भरून निघाली होती. म्हणून बोध ऐकण्यास त्यांची मने मोकळी होती. आणि जाऊ देताना स्वामींनी सशाला महात्मा म्हणून संबोधिले. होडेची वस्तू म्हणून जो आला, तो आदरार्थी संबोधनाने गेला.

एक पूर्वपक्ष आजकाल फार ऐकू येतो. तो असा की अमुक गोष्ट आमची संस्कृती आहे, परंपरा आहे, म्हणून तिला हिंसा म्हणू नये. बैलगाड्यांच्या शर्यतींचेच पाहा. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात अटींवर परवानगी मिळाली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने राज्यांचे सुधारित कायदे वैध ठरविले, आणि हा परंपरेचा भाग आहे हे विधिमंडळाचे मत स्वीकारले. न्यायालयाचे काम कायद्याचे, त्यावर येथे भाष्य नाही. पोळ्याला त्याच बैलापुढे माथा टेकणारा शेतकरी क्रूर असतो असेही नाही. पोटच्या पोरापेक्षा त्याची निगा राखणारे पुष्कळ आहेत. परंतु घाटात गाडा सुटला, हजार डोळे लागले, की तोच बैल होडेचा होतो. परंपरा आहे एवढ्याने जर हिंसा निर्दोष होत असती, तर पारध्यांचे उत्तर ऐकून स्वामींनी मांडी उचलली असती.

शेवटी वासनिकांच्या नित्याच्या अडचणीविषयी. ज्या गावात जत्रेला बोकड पडतो, कंदुरी होते, त्या गावातील उपदेशी कुटुंबांपुढे दरवर्षी वर्गणीचा प्रश्न उभा राहतो. आम्ही मांस खात नाही, त्या देवतेला जात नाही, केवळ गावात राहावयाचे म्हणून वर्गणी देतो, यात दोष कोणता, असे विचारले जाते. करविलेली व संमती दिलेली हिंसाही हिंसाच, हे वर आलेच आहे; पैशाने बोकड येतो व तो पैसा आपला असतो. परंतु वर्गणी नाकारून, गावाला अडाणी म्हणून, दार लावून बसणे हेही स्वामींच्या रीतीला धरून दिसत नाही. तेवढीच रक्कम किंवा थोडी अधिक रक्कम जत्रेतील पाण्यासाठी, यात्रेकरूंच्या अन्नासाठी उघडपणे द्यावी, आणि कशासाठी दिली ते पंचांसमोर सांगावे. गावाला आपला पैसा नको असतो, आपण गावाचे आहोत की नाही हे पाहावयाचे असते.

याहून अवघड प्रसंग मानकऱ्याच्या घराण्याचा. पहिल्या बोकडाचा मान परंपरेने ज्या घराकडे आहे, त्या घरातील कर्त्याने उपदेश घेतला तर त्याने काय करावे? आपण मान सोडला की तो दुसऱ्या घराकडे जातो, आपले हात स्वच्छ राहतात व बोकड मात्र मरतोच. कित्येक गावांनी बोकडाऐवजी नारळ किंवा कोहळा फोडण्याची रीत घातली, आणि बहुधा हे मानकऱ्यांच्याच पुढाकाराने झाले, कारण गाव ऐकतो तो त्यांचा शब्द. उलटपक्षी नारळ झाला तरी ती अन्य देवतेचीच पूजा. उपदेशी माणसाने ती करणे आपल्या आचारात बसत नाही. प्रस्तुत लेखकाचे मत असे की त्याने मान सोडण्यापूर्वी, पंचांत आपला शब्द चालतो तोवर, बोकडाचा नारळ करवून घ्यावा, त्यासाठी एकदोन वर्षे थांबावे लागले तरी थांबावे, पूजेला मात्र स्वतः न बसता भाऊबंदांपैकी अनुपदेशी माणसास बसवावे, आणि रीत रुळली की मान सोडून मोकळे व्हावे. मधल्या त्या वर्षांत आचाराला किती उणेपणा येतो, आणि एका बोकडाचा जीव वाचविण्यासाठी तो पत्करावा काय, याविषयी ज्येष्ठ महंतांचे व अभ्यासू भिक्षुकांचे निर्णय भिन्न असू शकतील. त्यांनी ते या पत्रातून सप्रमाण मांडावेत, ही नम्र विनंती. दंडवत प्रणाम.